दूरदेशीचा विद्यार्थी

(परदेशी जाऊन शिकावे, असे आज पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातला एक तरुण असाच बाहेर पडला. तो परक्या देशात कसा राहिला, काय शिकला आणि त्या विद्येचे त्याने काय केले, हे या पाठात वाचा.)

वर्धा येथे सदाशिव खानखोजे नावाचे एक अर्जनवीस राहत होते. अर्ज आणि नवीस हे दोन्ही शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. ज्यांना कायद्याची भाषा येत नाही, त्यांचे अर्ज लिहून देणे हे अर्जनवीसाचे काम. कागदावर काय लिहिले आहे आणि खाली कोणाचा शिक्का आहे, यावर गरीब माणसाचे नशीब कसे ठरते, हे अशा घरातल्या मुलाला लहानपणीच कळते. सदाशिवरावांचा मुलगा पांडुरंग याला तर ही गोष्ट जन्मभर पुन्हा पुन्हा कळायची होती.

पांडुरंगाचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्याला झाला. सुरुवातीचे शिक्षण तेथेच झाले. पुढच्या शिक्षणासाठी तो नागपूरला आला. ते दिवस फार कठीण होते. १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली मध्यप्रांत व वऱ्हाडात मोठे दुष्काळ पडले. पाऊस आला नाही. ज्वारी, कापूस हातचे गेले. माणसे आणि जनावरे अन्नावाचून मेली. ज्या प्रदेशातली काळी जमीन इतकी कसदार, तेथल्या शेतकऱ्याच्या घरात दाणा नसावा, हे पांडुरंगाच्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

याच काळात लोकमान्य टिळकांच्या विचारांचा तरुणांवर मोठा प्रभाव होता. देश स्वतंत्र झाला पाहिजे, असे पांडुरंगाला तीव्रतेने वाटू लागले. इंग्रजांशी लढायचे तर लष्करी विद्या शिकली पाहिजे. पण इंग्रजांच्या राज्यात ती विद्या कोण शिकवणार? १९०५ साली जपानने रशियासारख्या बलाढ्य देशाचा पराभव केला होता. आशियातला एक देश युरोपातल्या देशाला हरवू शकतो, हे पाहून हिंदुस्थानातले अनेक तरुण जपानकडे आशेने पाहू लागले. पांडुरंग टिळकांना भेटला. बाहेर जाऊन शिकण्याचा सल्ला घेऊन त्याने देश सोडला. तेव्हा त्याचे वय जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते.

आज नागपूरच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत शिकायला जायचे असले, तर किती तयारी करावी लागते! आधी पासपोर्ट काढायचा. तेथल्या महाविद्यालयाचे प्रवेशपत्र मिळवायचे. खर्चाला पैसे आहेत, याचा पुरावा द्यायचा. मग मुंबईच्या वकिलातीत जाऊन व्हिसासाठी मुलाखत द्यायची. व्हिसा म्हणजे त्या देशात येण्याचा परवाना. पांडुरंगाच्या वेळी असे नव्हते. पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली आणि हिंदुस्थानात त्यासाठीचा कायदा १९२० साली झाला. त्यापूर्वी खिशात भाड्याचे पैसे असले की माणूस बोटीत बसू शकत असे.

यावरून कोणाला वाटेल की तेव्हा परदेशी जाणे सोपे होते. तसे मुळीच नव्हते. आता दार येथेच उघडते किंवा बंद होते. तेव्हा समुद्र ओलांडून गेल्यावर दारावर अडवीत. काही काळ जपानमध्ये राहून पांडुरंग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गेला. त्या किनाऱ्यावरच्या बंदरांत आशियातून आलेल्या प्रत्येकाची कसून तपासणी होई. डॉक्टर पापण्या उलट्या करून डोळ्यांत खुपऱ्या आहेत का ते पाहत. पोटात जंत आहेत का, हेही तपासत. मग अधिकारी प्रश्न विचारीत. जवळ पैसे किती आहेत? हा माणूस उद्या सरकारवर भार होऊन बसणार नाही ना? पण आपल्यासाठी नोकरी आधीच ठरली आहे, असे कोणी सांगितले, तरी त्याला परत पाठवीत, कारण करार करून मजूर आणण्यास तेथे बंदी होती. म्हणजे माणूस गरीबही असता कामा नये आणि कामाला आलेलाही असता कामा नये! पुढे १९१० साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल नावाच्या बेटावर तपासणीचे ठाणे सुरू झाले. तेथे अनेक हिंदी लोकांना दिवसच्या दिवस अडकवून ठेवीत.

ही परीक्षा पार पडली, की दुसरी सुरू होई. राहायचे कोठे? त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर आशियाई लोकांविषयी फार द्वेष होता. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या शेकडो हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलून दिले. अशा वातावरणात हिंदी विद्यार्थ्याला खोली भाड्याने द्यायला पुष्कळ घरमालक तयार नसत. काही उपाहारगृहांत त्यांना बसू देत नसत. दाराबाहेर पाटी असे आणि दाराआत नकार असे.

मग हे विद्यार्थी एकमेकांचा आधार शोधत. चार-पाच जण मिळून एखादी जागा घेत. कोणी डाळ-भात शिजवी, कोणी भांडी घाशी. बंगाली, पंजाबी, मराठी अशी सगळी मुले एका छपराखाली राहत. देशात असताना ज्यांची कधी गाठही पडली नसती, ती तेथे भावासारखी झाली. कॅलिफोर्नियात बटाट्याची मोठी शेती करणारे ज्वालासिंग नावाचे एक पंजाबी गृहस्थ होते. त्यांनी १९१२ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. परक्या देशात आपल्या माणसाने दिलेला हात किती मोलाचा असतो, हे तेथे राहिलेल्यालाच समजते.

खर्च भागवायला काम करावेच लागे. हिंदी विद्यार्थी उपाहारगृहांत बश्या धूत, लोकांच्या घरी झाडलोट करीत, सुट्टीत फळबागांत फळे तोडीत आणि शेतात राबत. पांडुरंगानेही अशीच मजुरी करून शिक्षण केले. वर्ध्याला त्याच्या घरी हातात लेखणी होती. येथे हातात फावडे आले. पण याची त्याला लाज वाटली नाही. उलट शेतात काम करताना त्याची दोन प्रकारच्या माणसांशी ओळख झाली. एक म्हणजे पंजाबातून आलेले कष्टकरी शेतकरी. दुसरे म्हणजे शेजारच्या मेक्सिको देशातून आलेले मजूर. मेक्सिकोत १९१० साली क्रांती सुरू झाली. जमीन मूठभर जमीनदारांकडे आणि कष्ट मात्र गरिबांकडे, याविरुद्ध तेथला शेतकरी उठला होता. त्या मजुरांच्या गोष्टी ऐकताना पांडुरंगाला आपल्या विदर्भातला शेतकरी आठवत असेल.

तो ज्या हेतूने देश सोडून आला होता, तो विसरला नव्हता. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस या लष्करी शाळेत प्रवेश घेऊन त्याने सैनिकी शिक्षण पूर्ण केले. मात्र त्याबरोबर शेतीशास्त्राचा अभ्यासही चालू ठेवला. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन येथील सरकारी महाविद्यालयातून त्याने १९१३ साली शेतीशास्त्राची पदवी मिळवली. पुलमनच्या भोवती मैलोन्‌मैल गव्हाची शेते आहेत. अशा महाविद्यालयांत वर्गाला लागूनच शेत असे. मातीची परीक्षा कशी करावी, बियाणे कसे निवडावे, थोड्या पावसात पीक कसे आणावे, हे विद्यार्थी पुस्तकात वाचत आणि लगेच शेतात करून पाहत. दुष्काळी प्रदेशातून आलेल्या तरुणाला याहून उपयोगी विद्या कोणती असणार?

म्हणजे तो शिकायला आला होता बंदूक आणि शिकत होता नांगरही. या दोन्हींपैकी त्याच्या उपयोगी काय पडणार होते, हे त्या वेळी त्यालाही ठाऊक नव्हते.

१९१३ साली पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी मजूर व विद्यार्थी यांनी एक संघटना स्थापन केली. तीच पुढे गदर पक्ष म्हणून प्रसिद्ध झाली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष होते. पंडित काशीराम, लाला हरदयाळ, विद्यार्थी कर्तारसिंग सराभा हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. पांडुरंग खानखोजे पहिल्यापासून या कामात होते. संघटनेने ‘गदर’ नावाचे वृत्तपत्र काढले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून त्याचा पहिला अंक निघाला, तो उर्दू भाषेत होता. पुढे ते पंजाबीतही निघू लागले. हे तुम्हांला वाचून अभिमान वाटेल. दूर समुद्रापलीकडे मराठी, बंगाली आणि पंजाबी तरुणांना स्वातंत्र्याच्या एका धाग्यात बांधणाऱ्या भाषांमध्ये उर्दूचा मान पहिला होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. गदर पक्षाचे शेकडो लोक लढण्यासाठी हिंदुस्थानात परतले. बहुतेक पकडले गेले. काशीराम आणि कर्तारसिंग यांना १९१५ साली फाशी झाली. कर्तारसिंगांचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तेथून बलुचिस्तानच्या सीमेवर इंग्रजांशी लढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तो सफल झाला नाही. युद्ध संपल्यावर ते काही काळ बर्लिनला राहिले. १९२१ साली हिंदी क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोलाही जाऊन आले. परंतु मदत कोठूनच मिळाली नाही.

आता मोठा प्रश्न उभा राहिला. जायचे कोठे? हिंदुस्थानात उघडपणे पाऊल ठेवले असते, तर तुरुंग किंवा फाशी ठरलेली होती. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. अमेरिकेचे दारही बंद झाले होते. तेथे १९१७ साली कायदा होऊन हिंदुस्थानसकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना येण्यास मनाई झाली होती. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती. पण खानखोजे आता विद्यार्थी राहिले नव्हते, आणि त्यांच्या गदरच्या साथीदारांवर त्याच अमेरिकेत खटला भरून शिक्षा झाल्या होत्या. शिवाय आता प्रत्येक सीमेवर पासपोर्ट मागत होते. तरुणपणी जो कागद लागत नव्हता, तो आता पावलोपावली लागत होता आणि तो देणारे कोणी नव्हते. शिकण्यासाठी घर सोडलेल्या माणसाला घरची वाटच उरली नाही.

अशा वेळी मजुरीच्या दिवसांतली ओळख कामाला आली. मेक्सिकोतील क्रांतिकारकांशी त्यांची जुनी मैत्री होती. १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले. हा त्यांच्या आयुष्यातला आणखी एक परका देश. भाषा स्पॅनिश, आणि वय चाळिशीचे. पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी ती भाषा आत्मसात केली. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

मेक्सिकोतल्या गरिबाचे मुख्य अन्न म्हणजे मक्याची भाकरी. आपल्याकडे ज्वारीचे जे स्थान, तेच तेथे मक्याचे. म्हणून खानखोजे यांनी मक्याचा विशेष अभ्यास केला. तेथे तेओसिंते नावाचे रानटी गवत उगवते. ते मक्याचे नातलग आहे. त्या गवताचा आणि मक्याचा संकर करून त्यांनी नवे प्रयोग केले. एका ताटाला जास्त कणसे धरावीत, थंडीने आणि पाण्याच्या टंचाईने पीक जाऊ नये, असे त्यांचे प्रयत्न होते. गहू, कडधान्ये व रबर यांवरही त्यांनी संशोधन केले. मक्याच्या जातींवर स्पॅनिशमध्ये पुस्तकेही लिहिली.

पण केवळ प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्याचे भले होणार नाही, हे ते जाणून होते. त्यांनी साथीदारांसह गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. क्रांतीनंतर ज्यांना जमीन मिळाली, त्यांना ती नीट कसता यावी, हा त्या शाळांचा हेतू होता. स्वतः शिकण्यासाठी त्यांनी बश्या धुतल्या होत्या. आता आपल्याकडे शिकायला येणाऱ्याला पैशांची अडचण होऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली.

मेक्सिकोने या परदेशी माणसाला आपले मानले. दिएगो रिव्हेरा हे तेथले जगप्रसिद्ध चित्रकार. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत त्यांनी काढलेली मोठी भित्तिचित्रे आहेत. त्यांतल्या एका चित्रात मेजाभोवती बसलेल्या साध्या माणसांबरोबर भाकरी वाटून घेणारे खानखोजे दिसतात. ज्याला एकेकाळी परक्या शहरात मेजावर जागा मिळत नव्हती, त्याला एका देशाने आपल्या भिंतीवर जागा दिली.

१९३६ साली बेल्जियमच्या जाँ सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. एकीचे नाव सावित्री आणि दुसरीचे माया. घर मेक्सिकोत, आई बेल्जियमची, पण मुलींची नावे आपल्याकडची! पुढे सावित्री यांनी वडिलांचे चरित्र लिहिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. आता मायदेशी जाता येईल, म्हणून खानखोजे यांना आनंद झाला. त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला. आणि काय आश्चर्य! अर्ज नामंजूर झाला. इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी दप्तरात तशीच राहिली होती. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घरदार सोडले, त्या स्वतंत्र देशाच्या दारात त्यांना एका जुन्या कागदाने अडवले. लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या सदाशिवरावांच्या मुलाचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला! पुढे ती चूक दुरुस्त झाली आणि त्यांना परवानगी मिळाली.

१९४९ साली मध्यप्रांताच्या सरकारने शेतीविषयी सल्ला देण्यासाठी त्यांना बोलावले. त्या सरकारची राजधानी नागपूर होती. ज्या शहरात ते शाळेत शिकले, तेथेच ते सुमारे चाळीस वर्षांनी तज्ज्ञ म्हणून आले. १९५५ च्या सुमारास ते कुटुंबासह नागपूरला कायमचे राहायला आले. आता परक्या देशात स्थिर होण्याची पाळी त्यांच्या पत्नीची होती. नवी भाषा, नवे अन्न, नागपूरचा उन्हाळा. परकेपण काय असते, हे त्या घरातल्या दोघांनाही ठाऊक होते. जानेवारी १९६७ मध्ये नागपूर येथे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्यांनी शिकलेली बंदुकीची विद्या फारशी कामाला आली नाही. फावड्याने आणि नांगराने दिलेली विद्या मात्र हजारो घरांतल्या भाकरीसाठी उपयोगी पडली. उद्या तुमच्यापैकी कोणी दूरदेशी शिकायला जाईल. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र हे कागद नीट सांभाळा. त्यांच्यावाचून दार उघडत नाही. पण दाराच्या आत गेल्यावर काय शिकायचे, कोणाशी मैत्री करायची आणि ती विद्या कोणाच्या कामी लावायची, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.

शब्दार्थ
कसदार – सुपीक, भरपूर पीक देणारी
वकिलात – परदेशी सरकारचे कार्यालय
खुपऱ्या – डोळ्यांचा एक रोग
काळी यादी – सरकारला नको असलेल्या लोकांची यादी
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे
संकर – दोन जातींच्या मिश्रणातून नवी जात तयार करणे
ताट – ज्वारी, मका यांचे उभे झाड
भित्तिचित्र – भिंतीवर काढलेले चित्र
नामंजूर – मान्य न झालेला

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सदाशिव खानखोजे कोणते काम करीत?
(आ) ‘गदर’चा पहिला अंक कोणत्या भाषेत निघाला?
(इ) मेक्सिकोतल्या गरिबांचे मुख्य अन्न कोणते?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकेच्या बंदरात आशियातून येणाऱ्यांची तपासणी कशी होई?
(आ) भारत स्वतंत्र झाल्यावरही खानखोजे यांचा अर्ज का नामंजूर झाला?
३. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून नवा विद्यार्थी आला आहे. त्याला शाळेत रुळण्यासाठी तुम्ही काय मदत कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.